आखूड नळीच्या पिस्तुलासाठी स्वसंरक्षणाच्या गोळ्या: अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

पिस्तुलाच्या दुकानात पाय ठेवण्याआधी स्वतःचा व्हिसा बघा. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन, जे-वन किंवा बी व्हिसावर आलेल्या माणसाला संघीय कायद्यानुसार बंदूक तर नाहीच, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. पँटच्या खिशात राहिलेलं एक सुटं काडतूससुद्धा यात मोडतं. राज्याने दिलेला चालू शिकारीचा परवाना हा ठळक अपवाद आहे. पण त्या वाटेने पिस्तूल घ्यायचं मनात असेल, तर इमिग्रेशन आणि शस्त्रकायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला आधी गाठा. ग्रीन कार्डाचा अर्ज भरलाय, वर्क परमिट हातात आलंय, एवढ्यावर विसंबून खरेदी करू नका. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. ग्रीन कार्ड मिळालं की ही आडकाठी जाते, मात्र शस्त्रकायद्याखाली दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकालाही देशाबाहेर काढता येतं.

आपल्या बऱ्याच घरांत एकाला ग्रीन कार्ड मिळालेलं असतं आणि सासू-सासरे किंवा आई-वडील सहा महिन्यांसाठी आलेले असतात. अशा घरात तिजोरीची किल्ली किंवा आकडा फक्त पात्र माणसाकडेच हवा. कायद्याच्या दृष्टीने 'ताबा' म्हणजे हातात धरणं एवढंच नाही. वस्तू कुठे आहे ते माहीत असणं आणि हवी तेव्हा ती घेता येणं, यावरूनही ताबा ठरू शकतो.

दुसरी पायरी राज्याची. न्यू जर्सीत आपली वस्ती मोठी, म्हणून तिथलं आधी सांगतो. तिथे हॉलो पॉइंट गोळ्या (टोकाला पोकळी असलेल्या, लागल्यावर तोंड उमलणाऱ्या) घरात ठेवता येतात, रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, नेता येतात, पण बाळगण्याचा परवाना असलेल्या सामान्य नागरिकालाही त्या पिस्तुलात भरून रस्त्यावर फिरता येत नाही. टोकाची पोकळी पॉलिमरने भरलेल्या गोळ्या या बंदीत येत नाहीत, अशी राज्य पोलिसांची भूमिका आहे. त्यामुळे तिथले परवानाधारक हॉर्नडी क्रिटिकल डिफेन्ससारख्या गोळ्यांकडे वळतात. न्यूयॉर्कमध्ये काडतुसं घेतानाही पार्श्वभूमी तपासली जाते. राज्य बदललं की नियम नव्याने वाचायचे, आणि सुट्टीत गाडीने शेजारच्या राज्यात जातानाही वाचायचे.

आता मूळ मुद्दा. खोक्यावर छापलेला वेग तुमच्या पिस्तुलाचा नसतो. नऊ मिलिमीटरच्या खोक्यावर १२४ ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक), ११५० फूट प्रति सेकंद असं लिहिलेलं असेल, तर तो आकडा बहुधा चार इंची चाचणी-नळीतला असतो. खिशात किंवा कमरेला लपवायच्या पिस्तुलाची नळी तीन इंचांच्या आसपास असते. तेवढ्या लांबीत काडतुसातली स्फोटक दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते, आणि वेग साधारण ५० ते १०० फुटांनी घटतो. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण हॉलो पॉइंट गोळीचं तोंड उमलणं वेगावरच अवलंबून असतं. ठराविक वेगासाठी आखलेली गोळी त्याखाली आली की तोंड मिटलेलंच राहतं, किंवा पोकळीत कापडाचा बोळा बसून ती साध्या गोळीसारखी आरपार निघून जाते. आरपार गेलेली गोळी मागे कोणाला लागेल, याची जबाबदारी चाप ओढणाऱ्यावरच येते.

म्हणून गोळी पारखायची ती जेलातीनमधल्या (मांसाच्या जागी वापरायच्या जेलीसारख्या ठोकळ्यातल्या) चाचणीवरून. १९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर त्या संस्थेने जी कसोटी बसवली, तीच आजही सगळे वापरतात: १० टक्के जेलातीनमध्ये गोळी १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर, खोल जावी. माणसाच्या छातीची जाडी एवढी नसते हे खरं. पण वाटेत हात आडवा येतो, अंग तिरकं असतं, हिवाळ्यात जाड जाकीट असतं. १२ इंचांची अट त्यासाठी आहे. चाचणी बघताना तीनच गोष्टी शोधा: नळी तुमच्याएवढी होती का, जेलातीनपुढे चार पदरी डेनिमसारखं जाड कापड होतं का, आणि एक नव्हे तर किमान पाच गोळ्या सारख्या वागल्या का. एकच सुंदर उमललेली गोळी दाखवणारं छायाचित्र काहीच सिद्ध करत नाही. फूट-पौंडातल्या ऊर्जेचा आकडा तर बाजूलाच ठेवा. गोळी किती खोल जाईल किंवा उमलेल की नाही, यातलं काहीच त्यावरून कळत नाही.

नऊ मिलिमीटरमध्ये काम सोपं आहे, कारण खास आखूड नळीसाठी घडवलेल्या गोळ्या मिळतात. स्पीअर गोल्ड डॉटच्या 'शॉर्ट बॅरल' मालिकेत १२४ ग्रेनची प्लस पी गोळी आहे. फेडरल एचएसटीच्या १२४ आणि १४७ ग्रेनच्या गोळ्यांचंही तीन इंची नळीतलं वागणं चांगलं आहे. १४७ ग्रेनची गोळी मुळातच ध्वनीच्या वेगाखाली चालण्यासाठी आखलेली असते, त्यामुळे नळी आखूड झाल्याने तिचं फारसं बिघडत नाही. ११५ ग्रेनची हलकी गोळी वेगाच्या जिवावर चालते, तिला फटका जास्त बसतो. प्लस पी म्हणजे वाढीव दाब: नऊ मिलिमीटरची नेहमीची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय, तर प्लस पीची ३८,५००. पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच ती भरायची. आणि छोट्या, हलक्या पिस्तुलातून तिचा धक्का इतका बसतो की दुसरी गोळी नेमावर यायला वेळ लागतो. नवख्याने साध्या दाबाची १२४ किंवा १४७ ग्रेन घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

पॉइंट ३८० एसीपीची गोष्ट वेगळी. पावणेतीन इंची नळीतून सुटलेल्या या काडतुसात खोली आणि उमलणं दोन्ही एकदम क्वचित मिळतात. उमलली तर ९-१० इंचांतच थांबते, नाही उमलली तर पुढे जाते. यातलं एक निवडावं लागलं तर खोली निवडा. एक मोठा धोका नावांतला आहे. ३८० एसीपीलाच ९ मिमी कुर्झ, ९ मिमी ब्राउनिंग किंवा ९×१७ म्हणतात. ९×१९ म्हणजे लुगर किंवा पॅराबेलम. ९×१८ मॅकारॉव्ह त्याहून निराळं. खोक्यावरचं नाव आणि नळीवर कोरलेलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे.

पॉइंट ३८ स्पेशलच्या दोन इंची रिव्हॉल्वरसाठी स्पीअरची १३५ ग्रेनची शॉर्ट बॅरल प्लस पी याच कामासाठी बनलेली आहे. तिचा धक्का सोसत नसेल तर १४८ ग्रेनची वॉडकटर घ्या. तिचं नाक सपाट असतं, तिला उमलायची गरजच नाही, धक्का सौम्य आणि खोली पुरेशी. तिची अडचण एकच: सपाट नाक चक्राच्या भोकात पटकन शिरत नाही, पुन्हा भरायला वेळ लागतो. अगदी हलक्या रिव्हॉल्वरात आणखी एक बिघाड होतो. धक्क्याने न उडालेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते आणि चक्र अडकतं. तपासायला पाच भरा, चार उडवा, पाचव्याची लांबी नव्या काडतुसाशी ताडून बघा. पॉइंट ३५७ मॅग्नम एवढ्या आखूड नळीतून उडवण्यात मला अर्थ दिसत नाही. भरपूर दारू नळीबाहेर जळते, रात्री डोळ्यांपुढे लख्ख होतं, कान बधिर होतात.

गोळी कितीही उत्तम असो, ती तुमच्या पिस्तुलात विनातक्रार चालली पाहिजे. छोट्या पिस्तुलात स्लाइडचा (वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाचा) प्रवास कमी, स्प्रिंग कडक, त्यामुळे पुढचं काडतूस वर यायला फार थोडा वेळ असतो. हॉलो पॉइंटचं रुंद तोंड चेंबरच्या (नळीमागच्या, काडतूस बसण्याच्या जागेच्या) उतारावर अडकतं ते तिथेच. आधी ५० साध्या फुल मेटल जॅकेट (धातूने मढवलेल्या, टोकाला पोकळी नसलेल्या) गोळ्या उडवा, मग निवडलेल्या गोळ्या किमान १००, शक्यतो २००. प्रत्येक मॅगझिनमधून (काडतुसं भरायच्या कप्प्यातून), दोन हातांनी, एका हातानेही. पूर्ण भरलेल्या मॅगझिनची पहिली आणि शेवटची गोळी यांवर विशेष लक्ष ठेवा, दोष तिथे लवकर उघडा पडतो. अडलं तर आधी मॅगझिन बदला, मग पकड घट्ट करा, मनगट ढिलं असलं की स्लाइड पुरती मागे जात नाही. तरीही अडलं तर गोळी बदला. सात यार्डांवर नेम कुठे आणि छिद्र कुठे, तेही याच वेळी बघा. खर्चाचा अंदाज: स्वसंरक्षणाच्या गोळ्या २० किंवा २५ च्या खोक्यात येतात आणि गोळीमागे बऱ्याचदा एक डॉलर किंवा अधिक पडतो. चाचणीचा हा खर्च टाळून पिस्तूल बाळगू नये. रोजच्या सरावाला मात्र त्याच ग्रेनची साधी गोळी चालते.

नेहमी होणारी चूक म्हणजे रोज रात्री पिस्तूल रिकामं करायचं आणि सकाळी तेच काडतूस पुन्हा चेंबरमध्ये सारायचं. प्रत्येक वेळी गोळीचं नाक उतारावर आपटतं आणि गोळी काडतुसाच्या खोळीत आत सरकते. खोळीतली जागा घटली की दाब धोकादायक वाढतो. ते काडतूस नव्याशेजारी सपाट टेबलावर उभं करा. जरा जरी आखूड दिसलं तर वापरू नका, रेंजवर निकामी काडतुसांसाठी डबा असतो त्यात टाका. वंगणाचा फवारा काडतुसांवर कधी मारू नका, तेल प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत) झिरपतं. गाडीच्या डिकीत उन्हाळाभर ठेवू नका. घामाच्या अंगालगत बाळगलेल्या गोळ्या वर्षातून एकदा रेंजवर उडवून नव्या भरा. घरात मूल असेल तर काडतुसं आणि पिस्तूल दोन्ही कुलपात, आणि रेंजवरून आल्यावर मुलाला जवळ घेण्याआधी हात धुवा, शिसं बोटांना लागलेलं असतं.

भारतात जाताना रेंजची पिशवी वेगळीच ठेवा, ती प्रवासाला कधीच नेऊ नका. बॅगेच्या अस्तरात राहिलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडलं, तर भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जातो. अमेरिकेतला परवाना तिथे दाखवून उपयोग नाही. सामान भरण्याआधी प्रत्येक कप्पा उलटा करून झटका, चपलांच्या पिशवीसकट.