हाडाच्या गाठीसाठी ऑनलाइन सल्ला घेताय? या चुका टाळा

गडचिरोलीहून किंवा नंदुरबारहून परळच्या टाटा मेमोरियलला यायचं म्हणजे लांबचा प्रवास, दुखरा पाय घेऊन बसलेलं पंधरा-सोळा वर्षांचं पोर आणि मुंबईत राहायची चिंता. व्हिडिओ कॉलवर काम भागत असेल तर ते जरूर करावं. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची नियमावली काढली, तेव्हापासून अशा सल्ल्याचे नियमही स्पष्ट आहेत. हाडाच्या कॅन्सरमध्ये माझी तक्रार वेळेबद्दल आहे. लोक गावात बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) उरकतात आणि मग मोठ्या डॉक्टरांना फोन लावतात. तो फोन बायोप्सीच्या आधी लागायला हवा.

सुई आधी, सल्ला नंतर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर बहुधा वाढत्या वयात आणि गुडघ्याच्या आसपास होतो. बायोप्सीची सुई ज्या वाटेने आत जाते, त्या वाटेत गाठीच्या पेशी राहू शकतात. म्हणून मोठ्या ऑपरेशनच्या वेळी सर्जन ती वाटसुद्धा गाठीसकट काढून टाकतात. सुई भलत्याच बाजूने गेली असेल तर जास्त स्नायू काढावे लागतात आणि कधी कधी वाचू शकला असता असा पायही जातो. सुई कुठून घालायची हे शेवटचं ऑपरेशन करणाऱ्या टीमनेच ठरवावं, आणि एमआरआय त्याआधी झालेला असावा.

याहून वाईट म्हणजे गाठीने पोखरलेलं हाड मोडतं, ते साधं फ्रॅक्चर समजलं जातं आणि आत रॉड बसतो. रॉडबरोबर पेशी हाडभर पसरतात. किरकोळ धक्क्याने हाड मोडलं असेल, त्या जागी आधीपासून दुखत किंवा सुजत असेल, रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, तर ऑपरेशनला होकार देण्याआधी एक्स-रे हाडांच्या कॅन्सरच्या सर्जनला दाखवा. दहा मिनिटांच्या कॉलवर एवढं नक्की ठरू शकतं. माझ्या मते टेलिमेडिसिनचा याहून मोठा उपयोग या आजारात नाही. शक्य असेल तर तुमच्या गावच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनाही त्याच कॉलवर घ्या. दोन डॉक्टर थेट बोलले की निरोपात गफलत होत नाही.

ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर भेटणारे डॉक्टर बहुतेकदा सर्वसाधारण तपासणीचे असतात. तिथून पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्या, पण गाठीचा निर्णय तिथे मागू नका.

ट्यूबलाइटसमोर धरलेली फिल्म

व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे फोटो साधारण असे असतात: फिल्म ट्यूबलाइटसमोर धरलेली, मधोमध पांढरा झोत, कोपऱ्यातलं नाव आणि तारीख कापलेली, डावा-उजवा कळायला मार्ग नाही. त्यात व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं. गाठीची कड, हाडाच्या वरच्या पापुद्र्यातला बदल असल्या बारकाव्यांवर निदान उभं असतं, आणि नेमके तेच जातात.

जिथे एक्स-रे, एमआरआय काढले त्या सेंटरकडून त्यांची सीडी मागून घ्या. त्यातलं एखादंच चित्र न उचलता सगळे फोल्डर जसेच्या तसे झिप करा आणि हॉस्पिटलने दिलेल्या लिंकवर चढवा. एक्स-रे समोरून आणि बाजूने, दोन्ही हवेत. एमआरआयमध्ये वरच्या-खालच्या सांध्यांसकट पूर्ण हाड आलं आहे का, हे करतानाच विचारा, नाहीतर तोच खर्च पुन्हा. बायोप्सी झालेली असेल तर रिपोर्टचा कागद पुरत नाही. काढलेला तुकडा ज्यांत जपलेला असतो त्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडून मागून घ्या, ते पाठवावेच लागतात.

फक्त चेहरा दिसणारा कॉल

कॉल जोडतात आणि पूर्ण वेळ वडिलांचा चेहराच दिसतो! मुलाला हाफ पँट घाला, फोन स्टुलावर टेकवा, दोन्ही गुडघे शेजारी-शेजारी फ्रेममध्ये येऊ द्या. तो गुडघा वाकवतो कसा, चालतो कसा, हे दाखवा. सूज वाढतेय का हे कळायला गुडघ्याच्या वाटीपासून ठरलेल्या अंतरावर, समजा 10 सेंटीमीटर वर, दोन्ही मांड्यांचा घेर शिंप्याच्या टेपने मोजून तारखेसह लिहून ठेवा. गाठ दाबून बघू नका, तेल लावून चोळू तर अजिबात नका.

लहान मुलाच्या कॉलवर ओळखपत्रासह मोठं माणूस हवं, तो नियमच आहे. मॉर्फिनसारख्या गोळ्या ऑनलाइन लिहून देता येत नाहीत. त्या संपायच्या आधी प्रत्यक्ष भेट ठरवा, शेवटच्या गोळीपर्यंत थांबलात तर पोराचे हाल होतात.

कॉलची वाट बघत बसणं

केमो चालू असताना ताप 100.4 च्या वर गेला, तर व्हिडिओची अपॉइंटमेंट शोधू नका. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना काही तासांत जंतुसंसर्ग जिवावर उठतो. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, केमोची फाइल पुढे करा आणि तिथून आपल्या टीमला फोन लावा. कृत्रिम सांधा बसवलेल्या जागी लाली, पू किंवा नव्याने दुखणं, अचानक दम लागणं, पाय बधिर पडणं, हीसुद्धा कॅमेऱ्यासमोर बसून सोडवायची कामं नाहीत.

ऑपरेशन झालं, आता फोनवरच बघू

ऑस्टिओसार्कोमा परत आला तर बहुतेकदा फुप्फुसात येतो, आणि सुरुवातीला खोकलासुद्धा नसतो. व्हिडिओवर मुलगा ठणठणीतच दिसणार. म्हणून पहिली काही वर्षं दर काही महिन्यांनी छातीचा एक्स-रे किंवा सीटी असतो. तो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी काढा, कॉलच्या चार दिवस आधी पाठवा, आणि सोबत मागचा सीटीही जोडा, कारण दोन मिलिमीटरचा ठिपका नवा की जुना हे जुन्या चित्राशी ताडूनच कळतं.