लीगचा अख्खा हंगाम कीर्द-खतावणीत कसा मांडायचा

माझे वडील अमळनेरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर दिवाणजी होते. आता त्याच दुकानाच्या वह्या मी लिहिते. 2020 च्या दिवाळीत वहीपूजन झालं आणि लाल कापडी बांधणीची एक वही जास्तीची उरली. पुण्याचं होस्टेल बंद असल्यामुळे माझा भाचा तेव्हा आमच्याकडेच होता. दिवाळी झाली आणि 20 नोव्हेंबरला गोव्यात फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगचा सातवा हंगाम सुरू झाला. करोनामुळे सगळे सामने गोव्यातल्याच तीन मैदानांवर, प्रेक्षकांशिवाय होणार होते. भाचा रोज साडेसातला टीव्हीसमोर बसायचा आणि दोन दिवसाआड मला विचारायचा, "मावशी, मग आता हा संघ वर कसा गेला?" गोल त्याला तोंडपाठ असायचे, पण हंगाम कुठे चालला आहे ते हाती लागत नव्हतं. तयार तक्ता मोबाइलवर मिळतोच. पण ती दुसऱ्याने काढून दिलेली शिल्लक असते. ती कशी जमली ते त्यात दिसत नाही. मी त्याला म्हटलं, ती उरलेली वही आण.

तेव्हापासून मी लीगचा हंगाम वहीत लिहिते. पद्धत वडिलांचीच आहे, दुकानाची. ज्यांना एखादी लीग पहिल्या सामन्यापासून शेवटपर्यंत समजून घ्यायची आहे, त्यांच्यासाठी ती इथे सांगते.

आधी वही केवढी लागेल ते काढा. संघांची संख्या घ्या, तिला तिच्याहून एक कमी असलेल्या आकड्याने गुणा. प्रत्येकजण प्रत्येकाशी दोनदा खेळत असेल तर तेवढे सामने होतात. त्या वर्षी 11 संघ होते, म्हणजे 11 गुणिले 10, एकूण 110 सामने, आणि प्रत्येक संघाचे 20. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 20 संघ आहेत, तिथे 380 होतात. संघ विषम असले की दर फेरीत एक संघ बसून राहतो. म्हणून मधल्या काळात कुणाचे सामने जास्त, कुणाचे कमी झालेले दिसतात. नव्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो.

वहीचे दोन भाग करा. पुढचा भाग कीर्द, म्हणजे रोजची नोंद; मागचा खतावणी, म्हणजे ज्याचं त्याचं खातं. मध्ये चार पानं कोरी सोडा, ती पुढे लागतील.

कीर्दीत सामने ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने उतरवायचे. एका सामन्याला तीन ओळी पुरतात. पहिलीत तारीख, मैदान, यजमान संघ, पाहुणा संघ आणि गोल. दुसरीत कोणी कितव्या मिनिटाला गोल केला. पेनल्टी असेल तर 'पे', स्वतःच्याच जाळ्यात मारला असेल तर 'स्व'. तिसरीत पिवळी आणि लाल कार्डं. चौथी ओळ हवी तर आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं त्याची, पण एकच. आमची सुरुवात अशी आहे: 20 नोव्हेंबर, केरला ब्लास्टर्स 0, एटीके मोहन बागान 1, गोल रॉय कृष्णा. दुसऱ्या दिवशी नॉर्थईस्ट युनायटेड 1, मुंबई सिटी 0, गोल अपिया, पे. मुंबईच्या अहमद जाहूला लाल कार्ड. आपल्याकडे हरभरा, मका, कापूस जे काय येतं ते आधी कीर्दीतच येतं, मग पुढे जातं. इथेही तोच नियम पाळा. कीर्दीत न लिहिलेला सामना खतावणीत थेट नेऊ नका, मग घाई कितीही असो.

कार्डांची ओळ बरेच जण सोडतात. ती सोडू नका. त्या वर्षी इंडियन सुपर लीगमध्ये चार पिवळी कार्डं साचली की खेळाडू एका सामन्याला बाहेर बसायचा. महिनाभराने एखादा संघ अचानक ढिला का पडला त्याचं कारण कित्येकदा त्या तिसऱ्या ओळीत सापडतं.

आता खतावणी. प्रत्येक संघाला स्वतःचं पान, म्हणजे स्वतःचं खातं. रकाने असे आखा: सामना कितवा, कोणाशी, यजमान की पाहुणा, केलेले गोल, खाल्लेले गोल, गोलांची शिल्लक, मिळालेले गुण, एकूण गुण. केलेले गोल म्हणजे जमा, खाल्लेले, म्हणजे आपल्यावर झालेले, ते नावे; जमेतून नावे वजा केलं की गोलांची शिल्लक. जिंकल्यास 3, बरोबरीला 1, हरल्यास शून्य, हे बहुतेकांना माहीत असतंच. एका सामन्याची नोंद दोन खात्यांत पडते हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. एकाचं जमा ते दुसऱ्याचं नावे. नॉर्थईस्टच्या पानावर 1-0 आणि 3 गुण, तर मुंबईच्या पानावर 0-1 आणि शून्य. ही दुहेरी नोंद झाली की पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं.

हंगाम अर्धा झाल्यावर सुरुवात करत असाल तरी चालतं. प्रत्येक खात्यावर पहिली ओळ 'मागील पानावरून पुढे' अशी टाका, तिथपर्यंतचे सामने, गोल आणि गुण एकदम आणा, आणि तिथून रोजची नोंद सुरू करा. मात्र आपसांतल्या सामन्यांचे निकाल वेगळे शोधून लिहावे लागतील. ते का लागतात ते पुढे येईल.

आठवड्यातून एकदा तेरीज काढा, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बेरजा एकत्र मांडून जुळतात का ते बघा. हे मी कळकळीने सांगते, कारण इथेच लोक कंटाळतात आणि इथेच वही खरी-खोटी ठरते. तीन ताळे आहेत. पहिला: सगळ्या संघांनी केलेले गोल आणि सगळ्यांनी खाल्लेले गोल सारखे भरले पाहिजेत. दुसरा, त्याच्याच पोटातला: सगळ्यांच्या शिलकींची बेरीज शून्य यायला हवी. तिसरा गुणांचा. निकाली सामन्यातून 3 गुण वाटले जातात, बरोबरीतून दोघांना मिळून 2. म्हणून झालेल्या सामन्यांना 3 ने गुणा आणि बरोबरीचे सामने त्यातून वजा करा. सगळ्यांच्या गुणांची बेरीज तेवढीच भरायला हवी. पाच सामने झाले, त्यांतले दोन बरोबरीत, तर 15 वजा 2, म्हणजे 13. भरले तर जेवायला उठा.

आमची तेरीज डिसेंबरात एकदा जुळली नाही. घरात लग्न होतं, तीन दिवसांच्या नोंदी मी एकदम केल्या होत्या. गोलांच्या शिलकीची बेरीज शून्याऐवजी 2 येत होती. रात्री अकराला आम्ही दोघं पानं उलटत होतो. आई आतून म्हणाली, "काय लिखी राह्यनी वं एवढ्या रातले?" वडिलांनी शिकवलेलं आठवलं: फरक सम असेल तर त्याचा निम्मा काढ आणि तेवढी रक्कम चुकीच्या बाजूला पडली आहे का ते बघ. दोनाचा निम्मा एक. म्हणजे एका गोलाच्या फरकाने सुटलेले सामनेच तपासायचे. चौथ्या पानावर सापडलं. 1-2 ने हरलेल्या संघाच्या खात्यावर मी 2-1 लिहिलं होतं. गुण मात्र शून्यच टाकले होते, म्हणून गुणांचा ताळा जुळत होता. म्हणून सांगते, एका ताळ्यावर भागवू नका.

चुकलेला आकडा खोडून, गिरवून ठेवू नका. त्यावर एक आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा आणि तारीख टाका.

मधली चार कोरी पानं आता घ्या. एकावर चौकट आखा, आडवे सगळे संघ, उभे सगळे संघ. प्रत्येक घरात त्या दोघांमधला निकाल. दुसऱ्यावर नियम लिहा, आणि तेही हंगाम सुरू होण्याआधी: दोन संघांचे गुण सारखे झाले तर वर कोण? याचं उत्तर सगळ्या देशांत सारखं नसतं. प्रीमियर लीग आधी गोलांची शिल्लक पाहते. 2011-12 मध्ये मँचेस्टर सिटी आणि मँचेस्टर युनायटेड दोघांचे 89 गुण झाले, सिटीची शिल्लक 64 आणि युनायटेडची 56, म्हणून सिटी विजेता. स्पेनमध्ये आधी त्या दोघांनी एकमेकांशी काय केलं ते पाहतात. 2006-07 मध्ये रियल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे 76. बार्सिलोनाची शिल्लक 45, माद्रिदची फक्त 26. तरीही विजेतेपद माद्रिदला गेलं, कारण आपसांत माद्रिद एकदा 2-0 ने जिंकलं होतं आणि दुसरा सामना 3-3 होता. इंग्लंडचा नियम लावला असता तर करंडक बार्सिलोनाकडे गेला असता. आपली इंडियन सुपर लीगही त्या वर्षी स्पेनसारखी आपसांतला निकाल आधी पाहत होती. चौकट आखायची ती याचसाठी.

तिसऱ्या कोऱ्या पानावर 'येणे' लिहा. प्रत्येक संघाचे उरलेले सामने गुणिले 3, हे त्याचं येणं. आजचे गुण अधिक येणं, हा त्याचा जास्तीत जास्त आकडा. वरच्याच्या आजच्या गुणांपेक्षा ज्याचा हा आकडा कमी, तो संघ पहिल्या जागेच्या शर्यतीतून गेला, मग तो कितीही चांगलं खेळत असो. हे पान फेब्रुवारीपर्यंत फारसं बोलत नाही. पण फेब्रुवारी लागला की रोज उघडावंसं वाटतं.

मुंबईचं पान मी आजही काढून बघते. पहिलाच सामना हरलेला. त्यानंतर सलग 12 सामने पराभव नाही. मग 30 जानेवारीला पुन्हा नॉर्थईस्टनेच 2-1 ने हरवलं. फेब्रुवारीत बागान पुढे निघून गेलं. 24 फेब्रुवारीला मुंबईने ओडिशाला 6-1 ने हरवलं, बिपिन सिंगचे तीन गोल, आणि त्या रात्री भाच्याने दोन खाती शेजारी ठेवली. दोघांचे 19 सामने झाले होते. बागान 40 गुण, 28 केले, 13 खाल्ले, शिल्लक 15. मुंबई 37 गुण, 33 केले, 18 खाल्ले, शिल्लक 15. शिल्लक अगदी सारखी! आणि शेवटचा सामना 28 तारखेला, याच दोघांचा.

मी त्याला म्हटलं, आता टीव्ही लावायच्या आधी वहीला विचार. त्याने येण्याचं पान पाहिलं: मुंबई जास्तीत जास्त 40. मग चौकट पाहिली: 11 जानेवारीला मुंबई 1, बागान 0, गोल ओग्बेचे. मग नियमाचं पान. आणि स्वतःच म्हणाला, "मावशी, बागानला बरोबरीही पुरते. मुंबईला मात्र जिंकायलाच हवं, पण एका गोलाने जिंकले तरी भागतं." नोव्हेंबरात मला विचारणारा मुलगा आता मला सांगत होता. मला फार समाधान वाटलं.

त्या रविवारी शेवभाजीचं पातेलं मध्ये ठेवून आम्ही सामना पाहिला. मुर्तादा फॉल आणि ओग्बेचे, मुंबई 2-0. दोघांचे 40 गुण, दोघांचे 12 विजय, 4 बरोबऱ्या, 4 पराभव. शिल्लक 17 आणि 13. पहिल्या जागेची शील्ड मुंबईला मिळाली आणि तिच्याबरोबर आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये जागा. पुढच्या वर्षी, 2022 मध्ये, तिथे इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवून त्या स्पर्धेत सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला. त्या विजयाचं मूळ आमच्या वहीत 11 जानेवारीच्या एका ओळीत आहे.

आता उरलं चौथं कोरं पान, ते बाद फेरीचं. इंडियन सुपर लीगमध्ये 2019-20 मध्ये दोन वेगळे मान सुरू झाले: साखळीत पहिला येणाऱ्याला शील्ड, आणि त्यानंतरची बाद फेरी जिंकणाऱ्याला करंडक. बाद फेरीचे सामने खतावणीत कधीही नेऊ नका, तेरीज बिघडेल. त्यांना हे वेगळं पान द्या आणि उपांत्य फेरीच्या दोन्ही सामन्यांचे गोल शेजारी-शेजारी मांडा. त्या वर्षी मुंबई आणि गोवा यांचं 2-2 आणि 0-0 झालं, मग पेनल्टीवर मुंबई 6-5.

साखळीचा शेवटचा सामना झाला की प्रत्येक खात्याखाली दुहेरी रेघ ओढा आणि शेवटची तेरीज लाल शाईने लिहा. पुढच्या हंगामाला नवी वही घ्या. शिल्लक पुढे न्यायची नसते, सगळी खाती शून्यावरून सुरू होतात. जुनी वही जपून ठेवा, आपसांतला इतिहास पाहायला ती लागते.

आमच्या पहिल्या वहीत बाद फेरीच्या पानावरची अखेरची नोंद भाच्याच्या अक्षरात आहे. 13 मार्च 2021, मुंबई सिटी 2, एटीके मोहन बागान 1. विल्यम्स 18, टिरी 29 स्व, बिपिन सिंग 90. नव्वदचा आकडा त्याने दोनदा गिरवला आहे. तेवढं मी तसंच राहू दिलं.