स्कॉटलंडहून परदेशी गेलेल्या पणजीचा शोध घेताय? या चुका टाळा

सगळ्यांत महागात पडते ती पहिलीच चूक, सासरच्या आडनावाने शोधणं. मेलबर्नला ती 'मिसेस कॅम्पबेल' म्हणून वारली असेल, पण स्कॉटलंडच्या दप्तरात बाईचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही टिकून असे. तिकडच्या थडग्यांवरही नवऱ्याच्या नावाखाली बहुतेकदा तेच कोरलेलं दिसतं.

ते आडनाव मिळवायचं ती जिथे वारली तिथून. व्हिक्टोरियातल्या (मेलबर्न ज्या ऑस्ट्रेलियन प्रांतात आहे तिथल्या) जुन्या मृत्युदाखल्यात सहसा आईवडील, जन्मगाव, लग्नाचं ठिकाण, मुलं, वसाहतीत काढलेली वर्षं असं बरंच काही सापडतं. मात्र ही माहिती सांगणारा अनेकदा जावई असायचा, आणि सासूच्या आईचं नाव त्याला कितपत ठाऊक असणार! मुलांचे जन्मदाखले ताडून पाहाच.

नावावरही अडून बसू नका. जीन, जेन, जेनेट, जेसी ही एकाच बाईची नावं असू शकतात. गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा बोलणाऱ्या घरातली मोरॅग इंग्रजी कागदावर मॅरियन किंवा सेरा होऊन बसते.

वयाचंही तसंच. स्कॉटलंडच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. २९ वर्षांची बाई २५ ची दिसली म्हणून तिला वगळू नका.

जन्माची नोंदच मिळाली नाही तर? स्कॉटलंडमधली सरकारी नोंदणी १८५५ पासूनची. त्याआधी चर्चच्या वह्या, त्याही बाप्तिस्म्याच्या. त्यात १८४३ मध्ये स्कॉटलंडचं अधिकृत चर्च फुटलं आणि कितीतरी कुटुंबं त्या वह्यांतून बाहेर पडली. अशा वेळी मागे राहिलेल्या सख्ख्या भावाचा १८५५ नंतरचा मृत्यू शोधा. त्या नोंदीत दोघा आईवडिलांची नावं असतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. पणजीचे आईवडील तेच!

जहाजाची यादी ब्रिटनमध्ये धुंडाळण्यात दिवस घालवू नका. तिथून निघणाऱ्यांच्या याद्या मुख्यतः १८९० पासूनच्याच उरल्यात. उतरलेल्या बंदराचं दप्तर पाहा. हायलँडमधून, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून, १८५२ ते १८५७ दरम्यान प्रवासखर्चाची मदत घेऊन ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांच्या जहाजवार याद्या मात्र एडिनबरोच्या अभिलेखागारात आहेत.

आणि दुसऱ्याने केलेली वंशावळ जशीच्या तशी उतरवू नका. एकाच पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) चार-पाच मार्गारेट मॅकडोनाल्ड सहज निघतात. पणजीच्या थोरल्या मुलीचं नाव बघा. ते आईच्या आईचं ठेवायची रीत होती. सगळ्यांनी ती पाळली असं नाही, पण कोणत्या मार्गारेटकडे आधी वळायचं एवढं त्यावरून कळतं.