किर्केगार्ड कसा वाचावा: सोलापुरातील वाचकांसाठी

ख्रिस्ती अस्तित्ववादाचे, म्हणजे विश्वास हा प्रत्येकाने एकट्याने घ्यायचा निर्णय मानणाऱ्या विचाराचे, वाचन सुरू करण्यापूर्वी वाचकाने आपल्या आयुष्यातला एक रखडलेला निर्णय कागदावर लिहून ठेवावा. वडिलांचे माग चालवायचे की पुण्यात नोकरी धरायची, आलेल्या स्थळाला होकार द्यायचा की नाही, चर्चच्या मंडळीत केवळ घरच्यांच्या समाधानासाठी जात राहायचे की थांबायचे, असा कोणताही निर्णय चालेल, पण तो खरा असावा आणि कागद कोणाला दाखवू नये. डेन्मार्कचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड (1813–1855) एकट्या व्यक्तीशी बोलतो. ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, त्याला हे लेखन शब्दांची कसरत वाटण्याचीच शक्यता अधिक.

आरंभ ‘भय आणि कंप’ (1843) या पुस्तकाने करावा. इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. तत्पूर्वी मराठी पवित्र शास्त्रातील उत्पत्तीचा 22वा अध्याय मोठ्याने वाचावा. देवाच्या आज्ञेवरून आपल्या मुलाचे, इसहाकाचे, अर्पण करण्यास निघालेला अब्राहाम वाटेत जवळजवळ काहीच बोलत नाही आणि त्याची पत्नी सारा हिचा तर तेथे उल्लेखही नाही, या मौनाकडे लक्ष द्यावे. किर्केगार्डच्या पुस्तकात हाच प्रवास प्रथम चार निरनिराळ्या प्रकारे सांगितला आहे. ते चारही वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि पाचवा प्रकार स्वतः लिहावा; अब्राहामाच्या जागी उभे राहणे किती अशक्य आहे, हे दहा टीकाग्रंथ वाचण्यापेक्षा या खटाटोपातून लवकर उमगते.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. हे पुस्तक योहानेस द सिलेन्शिओ या टोपणनावाने प्रसिद्ध झाले आणि हा योहानेस स्वतःपाशी तसा विश्वास नसल्याचे सांगतो. म्हणून ‘किर्केगार्ड म्हणतो’ असे लिहिण्याआधी कोण बोलत आहे ते पाहावे. दुसरी दक्षता अधिक गंभीर आहे. अब्राहामाची थोरवी ऐकून घरी जाणारा एखादा श्रोता तेच करायला निघाला तर, हा प्रश्न लेखकाने स्वतःच उपस्थित केला आहे. आपल्या क्रूरपणाला किंवा हट्टाला देवाची आज्ञा म्हणणाऱ्यास हे पुस्तक आधार देत नाही. त्यातला विश्वासाचा वीर, म्हणजे अब्राहामासारखा विश्वास असलेला माणूस, बाहेरून अगदी सामान्य दिसतो. घरी जाताना बायकोने काय रांधले असेल याचा विचार करतो आणि तो पदार्थ मिळाला नाही तरी तसाच राहतो. नवी पेठेतून पिशवी घेऊन निघालेल्या गृहस्थांत तो आपल्याला ओळखू येणार नाही.

‘चिंतेची संकल्पना’ (1844) हे पुस्तक कठीण आहे. पहिल्या वाचनात स्वातंत्र्याला भोवळ म्हणणारा भाग तेवढा वाचावा. कड्यावरून खाली पाहणाऱ्याला घेरी येते, त्यात दरीचा जितका दोष तितकाच डोळ्याचा. निर्णयाच्या वेळी पोटात उठणारी भीती हे दुबळेपणाचे नव्हे, तर आपण मोकळे असल्याचे लक्षण ठरते. त्यानंतर ‘मृत्यूपर्यंतचा आजार’ (1849) घ्यावे. त्याचे पहिले पान दुर्बोध आहे. ते सोडून निराशेच्या प्रकारांकडे जावे. स्वतः व्हायचे नाही ही एक निराशा, आणि देवाला बाजूला सारून स्वतःच्याच बळावर स्वतः होण्याचा हट्ट ही दुसरी. आपली निराशा कोणती, हे प्रत्येकाने ठरवावे. माझ्या मते पहिली आपल्याकडे जास्त आढळते आणि तिला बहुधा आज्ञाधारकपणा म्हणून शाबासकी मिळते.

अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेच्या काळापासून ख्रिस्ती असलेल्या सोलापूरच्या कुटुंबांना यातला एक भाग बोचेल, आणि तो बोचावा. डेन्मार्कमध्ये जन्मला म्हणून माणूस ख्रिस्ती, या समजुतीवर किर्केगार्डने अखेरच्या वर्षांत कडाडून हल्ला चढवला. वारी किंवा गड्ड्याची यात्रा केवळ वडिलोपार्जित म्हणून करणाऱ्या हिंदू वाचकालाही तो प्रश्न टाळता येणार नाही. म्हणून गटात वाचायचे असल्यास निरनिराळ्या घरांतील चार-पाच जण असावेत, आणि पाळक (चर्चचे धर्मगुरू) आले तरी त्यांनी उत्तरे देऊ नयेत.

परिवर्तन म्हणजे काय हे समजण्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सोबत ठेवावीत. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो 1900 मध्ये घेतला. मधल्या काळात जातिभेद माणसांनी केलेला आहे, हे त्यांना स्वतः पटावे लागले. नवऱ्याचा विश्वास त्यांना उसना घेता आला नाही. किर्केगार्डला अभिप्रेत असलेली गोष्ट येथे मराठी संसारात घडताना दिसते.

या वाचनाचा एक धोका म्हणजे माणूस स्वतःतच गुंतून पडतो. त्यावर उपाय म्हणून फ्रेंच ख्रिस्ती तत्त्वज्ञ गॅब्रिएल मार्सेल (1889–1973) वाचावा. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉससाठी बेपत्ता सैनिकांची माहिती शोधताना तो त्यांच्या नातलगांना भेटत असे, आणि तेव्हापासून दुसऱ्यासाठी उपलब्ध असणे हा त्याच्या विचाराचा गाभा झाला. तो नाटककारही होता. त्याच्या निबंधांआधी एखादे नाटक गटात मिळून वाचावे.