मोठ्या आजोबांचा माग रामकुंडावर कसा लागला (माझा अनुभव)

अडचण अशी: आजोबांचे थोरले भाऊ तरुणपणी घर सोडून गेले, एवढंच घरात माहीत. जन्मसाल नाही, दाखला नाही.

आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाचा (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीचा) अर्ज केला. साल नसल्याने तो परत आला. मग नाशिकला पंचवटीत, रामकुंडावर, दोन उपाध्यायांकडे (यात्रेला आलेल्या घराण्यांच्या वंशावळी वह्यांत लिहून ठेवणारे तीर्थपुरोहित) आडनाव सांगितलं, त्यांच्या वह्यांत काहीच सापडलं नाही. चार फेऱ्या, नुसती पायपीट.

चूक आमचीच होती. आमचं आजचं आडनाव गावावरून पडलेलं. आत्या सहज म्हणाली, "आपण मूळचे सिन्नरकडचे, उपनाव वेगळं होतं." तिथून गाडी रुळावर आली.

पुन्हा गेलो तेव्हा आडनाव काढलंच नाही. आधी मूळ गाव सांगून त्या गावाचे उपाध्याय कोण ते विचारलं. मग जुनं उपनाव, कुलदैवत, पणजोबांचं नाव, याच क्रमाने. अर्ध्या तासात पान निघालं: पणजोबा आणि खाली दोन मुलगे, थोरला 'वय 7'. मजकूर मोडी लिपीत, म्हणून परवानगी घेऊन फोटो काढला आणि जाणकाराकडून वाचून घेतला. तारखेत शके 1849 होतं. त्यात 78 मिळवले की 1927 (पौषापासून पुढची तिथी असेल तर 79). म्हणजे जन्म 1920च्या आसपास.

मग मूळ गावाच्या कोतवाल बुकासाठी 1918 ते 1922 असा अर्ज केला. नोंद 1919ची निघाली. तिथे आडनाव नव्हतंच, फक्त बापाचं नाव.