गोमध्ये शेड्यूलरला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

पांढरकवड्याजवळच्या एका जिनिंगवर वजनकाट्याचा प्रोग्राम मी गो भाषेत लिहिला. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आणि काटेवाल्याचा फोन आला, "भाऊ, पावती काऊन नाही निघून राहिली?"

मी आधी गोमॅक्सप्रॉक्स, म्हणजे एका वेळी किती कामं चालू द्यायची तो आकडा, २ चं १६ केलं. हीच पहिली चूक. डवरणीला मजूर कितीही आणा, डवरे दोनच असतील तर एका वेळी दोनच चालणार. गोरुटीन म्हणजे कामं, थ्रेड म्हणजे मजूर आणि गोमॅक्सप्रॉक्स म्हणजे डवरे. कुणी कधी कोणतं काम करायचं ते ठरवणारा मुकादम म्हणजे शेड्यूलर. कागदावर सोळा डवरे मांडले, तरी खाली बैलजोड्या, म्हणजे कोअर, दोनच. २०१५ च्या १.५ आवृत्तीपासून हा आकडा मशीनच्या कोअरइतका आपोआप धरला जातो. कंटेनरला सीपीयूची मर्यादा घातली असेल तर लिनक्सवर १.२५ पासून तीही बघितली जाते. तेव्हा हात लावू नका.

खरी चूक माझ्याच कोडमध्ये होती. काट्यावरचा आकडा चॅनेलवर, म्हणजे गोरुटीनांमधल्या निरोपाच्या नळीवर येतो. त्यासाठी लूपमध्ये सिलेक्ट (चॅनेलवर काही येईपर्यंत थांबणारी रचना) लावला होता आणि त्यात डीफॉल्ट (काही आलं नसेल तर न थांबता पुढे जाणारी शाखा) रिकामा सोडला होता. त्यामुळे आकडा नसला की गोरुटीन थांबायचाच नाही, नुसता गरगर फिरायचा. भरल्या गाडीचा एक काटा, रिकाम्या गाडीचा दुसरा. दोन लूपनी दोन्ही कोअर गिळले. १.१४ च्या आधी (ती आवृत्ती फेब्रुवारी २०२० ची) फंक्शन कॉल नसलेला लूप शेड्यूलरला जुमानत नसे, अख्खा प्रोग्राम गोठू शकायचा. आता साधारण १० मिलिसेकंदांनी त्याला बाजूला करतात, पण तो पुन्हा रांगेत येतोच. म्हणून प्रोग्राम बंद पडत नाही, रडतखडत चालतो, आणि असला बिघाड शोधायला जास्त वेळ जातो. डीफॉल्टची ओळ काढली, पावत्या सुरू.

पावतीला प्राधान्य द्यायची सोय शोधत बसू नका. एर्लांग भाषेत प्रोसेसला (तिथल्या कामांना) चार पातळ्या आहेत, गोमध्ये गोरुटीनला एकही नाही.

असं काही झालं तर गोडीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये शेडट्रेस=१००० लावून प्रोग्राम चालवा, दर सेकंदाला एक ओळ येते. तिच्यात आयडलप्रॉक्स (रिकामे डवरे) शून्य आणि रनक्यू (थांबलेल्या कामांची रांग) वाढतेय, तर सीपीयू कमी पडतोय किंवा कुणीतरी फुकट फिरतंय. आयडलप्रॉक्स भरपूर असूनही काम अडलंय, तर लॉक किंवा चॅनेल तपासा.

रात्रीच्या रिपोर्टसाठी मी २४ तासांचा स्लीप, म्हणजे तेवढा वेळ थांबायची सूचना टाकली होती. आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. प्रोग्राम उठला की मोजणी पुन्हा शून्यापासून. मग मिनिटाचा टिकर (दर मिनिटाला ठोका देणारं घड्याळ) लावला आणि 'दहा वाजले का' असं तंतोतंत विचारलं. तेही फसलं, कारण काम लांबलं की टिकर मधले ठोके साठवत नाही, गाळतो. आता शेवटच्या रिपोर्टची तारीख फाईलमध्ये लिहितो आणि 'दहा उलटून गेले का' एवढंच विचारतो. रात्री लाइट गेली, तर सकाळी प्रोग्राम उठून आधी कालचा रिपोर्ट काढतो.