छोट्या गाडीवरून मोठ्या बाइकवर जाताना या चुका टाळा

स्प्लेंडर, प्लॅटिना किंवा शाइनवर कॉलेज आणि नोकरीची पहिली वर्षं काढलेला माणूस साडेतीनशे-चारशे सीसीची गाडी घरी आणतो, तेव्हा घरच्यांना एकच काळजी असते, वेगाची. ‘हळू चालव रे बाबा’ हे दारातच ऐकायला मिळतं. काळजी रास्त आहे, पण ती अर्धीच. माझ्या पाहण्यातली पहिल्या महिन्यातली पडझड जवळजवळ नेहमी चालण्याच्या वेगात झालेली आहे: सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी काढताना, पेठेतल्या बोळात वळवताना, सिग्नलला थांबताना. आणि त्याहून गंभीर प्रसंग येतात ते जुन्या गाडीवर हातापायांना लागलेल्या सवयींमुळे. मोठी गाडी नव्याने शिकावी लागते, हे मान्य न करणं हीच मुळातली चूक.

ताकद बघायची, वजन बघायचं नाही

स्प्लेंडर प्लसचं इंजिन ९७.२ सीसीचं आणि गाडीचं वजन ११२ किलोच्या आसपास. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो. आपल्या चाकणला बनणारी ट्रायम्फ स्पीड ४०० साधारण १७६ किलोची आहे. रॉयल एनफिल्डचीच इंटरसेप्टर ६५० तर दोनशेच्याही पुढे जाते. शोरूममध्ये आपण ताकदीचे आकडे विचारतो, आठ पीएसवरून चाळीस पीएसवर जाण्याचा आनंद मानतो. पण पुण्यात लक्ष्मी रोडच्या गर्दीत त्या चाळीसपैकी किती वापरायला मिळणार? वजन मात्र प्रत्येक सिग्नलला पूर्णच्या पूर्ण आपल्या पायावर येतं.

हलकी गाडी कलली की आपण पाय टेकवून ती ओढून घेतो. १९५ किलोची गाडी एका मर्यादेपर्यंत सावरता येते. त्यापुढे कलली तर ती पडणारच, आणि ती धरून ठेवायच्या हट्टात कंबर किंवा गुडघा जातो. अशा वेळी पाय बाजूला घ्या आणि गाडी सोडून द्या. लिव्हर आणि इंडिकेटर बदलता येतात.

पडलेली गाडी उचलायचीही पद्धत आहे. आधी इंजिन बंद करा. उजव्या बाजूला पडली असेल तर साइड स्टँड आधीच खाली करून ठेवा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे कोसळणार नाही. शक्य असेल तर गिअरमध्ये टाका, म्हणजे घरंगळणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेका, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची मजबूत जागा धरा, आणि पायांच्या जोरावर मागे-मागे चालत ती उभी करा. वाकून पाठीने उचलायला जाऊ नका. उतारावर असाल तर दोन माणसांना हाक मारा. पुण्यात कुणी ना कुणी धावून येतंच.

पार्किंगचा विचार गाडी लावायच्या आधी करायचा. रस्ता कडेकडे उतरता असतो. हलकी गाडी आपण तोंड कडेला करून लावतो आणि निघताना मागे ओढतो. मोठी गाडी तशी लावली तर निघताना ती चढावर मागे खेचावी लागते, तीही दोन्ही बाजूंना स्कूटर चिकटलेल्या असताना. म्हणून मागचं चाक कडेला, तोंड रस्त्याकडे. उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून सोडा. पावसाळ्यात साइड स्टँडखाली सपाट दगड किंवा लाकडाचा तुकडा ठेवा, कारण भिजलेल्या मातीत स्टँड हळूहळू रुततो आणि गाडी आडवी होते. बेसमेंटच्या उतारावर गुळगुळीत फरशी असेल तर तिथे पुढचा ब्रेक अगदी हलक्या हाताने.

यू-टर्नचा सराव वेगळा करावाच लागतो. पहिला गिअर, क्लच अर्धवट धरलेला, रेस स्थिर, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर जिथे जायचं आहे तिकडे, पुढच्या चाकाकडे नाही. हँडल पूर्ण वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी तिथल्या तिथे आडवी होते. पहिल्या महिन्यातल्या पडझडीचं हे मोठं कारण आहे. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतले आतले रस्ते रिकामे असतात. पहिले काही दिवस तिथे आठच्या आकड्यात गाडी फिरवा.

उंचीचं थोडक्यात सांगतो. क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटरवर आहे, हिमालयन ४५० ची ८२५ वर. आकडा वाचून ठरवू नका. रुंद सीटवर पाय फाकतात आणि तीच उंची जास्त वाटते. रोजचे बूट घालून शोरूममध्ये बसा, गाडी स्टँडवरून काढा, थोडी मागे ढकलून पाहा. जमत नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

डाव्या पायाची सवय

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्प्लेंडर आणि तिच्यासारख्या चार गिअरच्या बऱ्याच गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, टाचेने दाबले की कमी होतात. मोठ्या गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. शांत डोक्याने हे दोन मिनिटांत कळतं. पण पाय विचार करून चालत नसतो. सिंहगड रोडवर समोरची रिक्षा एकदम आडवी आली, तुम्ही ब्रेक मारला, रस्ता मोकळा झाला आणि पुन्हा पिकअप घेताना पायाने जुन्या सवयीने लिव्हर पुढे दाबला. तुम्हाला वाटलं वरचा गिअर टाकला, पडला मात्र खालचा. क्लच सोडताच इंजिनचा जोर मागच्या चाकाला एकदम अडवतो. ओल्या रस्त्यावर एवढं चाक घसरायला पुरेसं आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत स्लिपर क्लच असतो, तो हा धक्का कमी करतो. पूर्ण घालवत नाही.

यात खरी अडचण अशी की बहुतेक घरांत जुनी गाडी विकली जात नाही. ती भाजी आणायला, वडिलांना, धाकट्या भावाला राहते, आणि आपणही सकाळी एक, संध्याकाळी दुसरी चालवतो. पहिले दोन महिने तरी हे करू नका. पायाला एकच पद्धत पक्की होऊ द्या. गिअर बदलताना सुरुवातीला मनातल्या मनात ‘वर’, ‘खाली’ म्हटलं तरी फरक पडतो.

सगळा भरवसा पायाच्या ब्रेकवर

आपल्याकडे छोट्या गाडीवर ‘पुढचा ब्रेक मारला की तोंडावर पडतो’ हे शिकवलं जातं. त्यात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. कॉम्बी ब्रेकमध्ये साधारणपणे पायाने मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. म्हणजे ज्याने आयुष्यभर फक्त पायाने ब्रेक मारला, त्याला पुढच्या चाकाची मदत नकळत मिळत होती. क्लासिक, स्पीड ४०० किंवा केटीएमच्या ड्यूकवर पायाचा ब्रेक फक्त मागचा. तिथे केवळ पायावर भरवसा ठेवला तर गाडी वाटते त्यापेक्षा बरीच पुढे जाऊन थांबते.

ब्रेक लागल्यावर वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्यात मारायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. एबीएस लागलं की लिव्हर थरथरतो. पहिल्यांदा हे जाणवलं की माणूस घाबरून ब्रेक सोडतो आणि पुढच्या गाडीवर आदळतो. थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे. दाब कायम ठेवा. हाही अनुभव आधी रिकाम्या रस्त्यावर सरळ रेषेत घ्या.

ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, १०० ला २८. हात ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं, आणि त्यानंतर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. छोट्या गाडीवर शंभर गाठायला इतका वेळ लागतो की आपण बेतानेच राहतो. मोठ्या गाडीवर कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाच्या उतारावर लागलं की काटा नव्वदवर कधी गेला ते कळतही नाही, आणि त्याच उतारावर मागून भरलेले ट्रक येत असतात. तिथे ट्रकच्या पुढे-मागे रेंगाळू नका, दोन ट्रकच्या मधून तर कधीच जाऊ नका.

गाडीत दोष आहे की आपल्या चालवण्यात?

नवीन मालक ज्या तक्रारी घेऊन सर्व्हिस सेंटरला जातात, त्यातल्या बऱ्याच दोष नसतात.

‘चाळीसला गाडी झटके देते.’ कोणत्या गिअरमध्ये? स्प्लेंडर चौथ्यात तीसलाही निमूट चालते. ड्यूक ३९० चं किंवा स्पीड ४०० चं एक सिलिंडरचं इंजिन वरच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला जास्त फेरे घेताना, खुलणारं आहे. त्यांचा कमाल टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ६,५०० आरपीएमच्या आसपास मिळतो. चाळीसला सहाव्यात चालवलं तर इंजिन धडधडणार आणि चेन आपटणार. तिसऱ्यात आणा. क्लासिकचं इंजिन खालच्या आरपीएमला जोर देणारं आहे, म्हणून ते जास्त सोसतं. ॲव्हरेजच्या लोभाने लवकर टॉप टाकायची सवय इथे सोडावी लागते. योग्य गिअरमध्येही झटके येत असतील तर चेन किती ढिली आहे ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने तपासा.

‘गिअरमध्ये टाकली की बंद पडते.’ साइड स्टँड खाली आहे. सेन्सर इंजिन बंद करतो. स्टँड वर असूनही तसंच होत असेल तर स्टँडच्या स्विचपाशी चिखल अडकलाय का पाहा.

‘पडल्यानंतर सुरूच होईना.’ अनेक गाड्यांत गाडी आडवी झाली की सेन्सर इंजिन बंद करतो. चावी बंद करून पुन्हा चालू करा. हँडलवरचा इंजिन बंद करणारा लाल किल स्विचही बघा, पडताना हात लागून तो बंद झालेला असतो.

‘पायाला चटके बसतात.’ लिक्विड कूल्ड (कूलंटने इंजिन थंड ठेवणारी) गाडी विद्यापीठ चौकात अडकली की पंखा सुरू होतो आणि गरम हवा पायावर येते. हे व्हायलाच हवं. जाड पँट घाला. तापमानाची पट्टी वरच चढत राहिली किंवा पंखाच लागला नाही, तर मात्र गाडी बाजूला घ्या.

‘क्लच घसरतोय.’ कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये कुणी कारचं ऑइल टाकलंय का विचारा. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं, मॅन्युअल सांगेल ते.

बॅटरी उतरली तर किक नसते. धक्का मारून सुरू करणं या वजनाला अवघड जातं, म्हणून पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर परत आल्यावर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा.

सगळे पैसे गाडीतच घालायचे

३५० सीसीची रेषा खिशाला कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १५० ते ३५० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला १,३६६ रुपये, ३५० च्या वर २,८०४. नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, अनुक्रमे ७,३६५ आणि १५,११७ रुपये, वर कर वेगळा. टायर, चेन सेट, ब्रेक पॅड, सगळंच महाग. नाना पेठेत स्प्लेंडरचा पार्ट ज्या सहजतेने मिळतो तसा याचा मिळेलच असं नाही.

म्हणून ऑन रोड किमतीलाच बजेट संपवू नका. पूर्ण चेहरा झाकणारं आयएसआय हेल्मेट, हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि संरक्षक पॅड असलेलं जॅकेट, एवढ्याचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला हवेत. हेल्मेटसक्तीवर पुण्यात पुष्कळ वाद झाले. तुमचं मत काहीही असो, कृपा करून अर्ध्या टोपीसारखं हेल्मेट घालून ही गाडी चालवू नका. आणि वाचलेले पैसे आवाजी सायलेन्सरवर घालवू नका. तो बेकायदा आहे, पोलीस काढून घेतात, आणि पहाटे पाचला अख्खी सोसायटी जागी होते.

पहिल्याच रविवारी ताम्हिणी

गाडी आली की मित्रांचा ग्रुप ठरवूनच टाकतो. पावसाळ्यातल्या ताम्हिणीत धुकं, ओली पानं, वळणावर थांबलेल्या गाड्या आणि सेल्फी काढणारी माणसं असतात. नव्या टायरची पकड काही किलोमीटर चालल्याशिवाय येत नाही, रनिंग-इन (नवं इंजिन बेताने चालवायचा सुरुवातीचा काळ) पूर्ण झालेलं नसतं, आणि पुढे दहा वर्षं गाडी चालवणारा मित्र असतो. त्याच्या वेगाशी आपला वेग जुळवायचा नाही. मागे राहिलात तर तो पुढच्या चहाच्या टपरीवर थांबेल. थांबणार नसेल तर त्याच्याबरोबर जाऊ नका.

पहिला घाट म्हणून मी जुना कात्रज सुचवेन, आठवड्यातल्या एखाद्या सकाळी, कोरड्या रस्त्यावर, मागे कुणाला न बसवता. ब्रेक आणि गिअर वळणाच्या आधी संपवायचे, वळणात रेस स्थिर, नजर वळणाच्या शेवटाकडे. खड्ड्याकडे किंवा समोरच्या बसकडे टक लावलं की गाडी तिकडेच जाते. सिंहगडचा रस्ता अरुंद आहे आणि रविवारी जीपा सुसाट उतरतात, तो नंतर. लोणावळ्याला जायचं तर जुन्या हायवेनेच. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, मग ती साडेसहाशे सीसीची का असेना.

डबलसीट त्यानंतर. मागे माणूस बसला की ब्रेकचं अंतर, वळणाचा झोक, मागच्या टायरची हवा आणि सस्पेन्शनचं सेटिंग सगळंच बदलतं. हवा पंपावर अंदाजाने भरू नका. दोघांसाठीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर वेगळा दिलेला असतो, आणि तो थंड टायरचा असतो.